डिस्चार्ज कार्डावर तिचे नाव नसते

जखमी सैनिकासाठी पुण्यात जे उभे राहिले आहे, ते देशात इतरत्र क्वचितच सापडेल. १९१७ मध्ये स्थापन झालेली आणि आज खडकीत असलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अपंग जवानांना हाताला काम शिकवते. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पाय आणि हात बनवून देते आहे. मणक्याला इजा झालेल्यांसाठी खडकीच्या लष्करी रुग्णालयात स्वतंत्र विभाग आहे आणि १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, म्हणजे कमरेखाली लुळे पडलेल्यांचे पुनर्वसन केंद्र, आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, ते याच परंपरेचे फळ. या संस्थांबद्दल आदर वाटावा असेच त्यांचे काम आहे.

पण बहुतेक जवानांचा तिथला मुक्काम काही महिन्यांचा असतो. पुनर्वसन केंद्रात कायमचे राहणारे थोडे, आणि जागाही मोजक्या. बाकीचे आपापल्या गावी जातात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या घरटी फौजी असलेल्या गावातला जवान पुण्याच्या रुग्णालयापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर असतो. तिथे त्याचे पुढचे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य एका माणसाच्या हातात जाते. ते माणूस बहुधा बायको असते, लग्न झालेले नसेल तर आई. डिस्चार्ज कार्डावर निदान असते, शस्त्रक्रिया असते, औषधे आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. त्याला घरी कोण सांभाळणार, तिला काय शिकवले, काय जमते आणि काय जमत नाही, याची एक ओळही नसते. शेवटच्या दिवशी, गाडी खाली उभी असताना, वॉर्डातली सिस्टर घाईघाईने लघवीची नळी कशी घालायची ते दाखवते आणि विचारते, "वहिनी, समजलं ना?" वहिनी मान हलवते. झाले प्रशिक्षण.

माझे म्हणणे एवढेच आहे: अपंग सैनिकाला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाचे प्रशिक्षण हा उपचाराचाच भाग आहे. तो पूर्ण झाल्याशिवाय उपचार पूर्ण झाला असे मानू नये, आणि त्याचा खर्च, वेळ आणि पुढचा पाठपुरावा सरकारने उचलावा. ही मेहेरबानीची मागणी नाही. का, ते कळण्यासाठी हे काम नेमके काय असते ते आधी जवळून पाहायला हवे.

कमरेखाली किंवा छातीखाली संवेदना गेलेल्या माणसाला आपण एकाच जागी फार वेळ पडून आहोत हे कळत नाही. तुम्ही-आम्ही झोपेतही कूस बदलतो, तो बदलत नाही. म्हणून सुरुवातीला तरी दर दोन तासांनी त्याला वळवावे लागते. रात्री दहाला झोपवले तर बारा, दोन, चार आणि सहा. वळवायचे म्हणजे नुसते ढकलायचे नाही. पूर्ण कुशीवर घातले तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण तीस अंशांचाच कल ठेवायचा, दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि पोटऱ्यांखाली अशी उशी की टाच गादीला टेकताच कामा नये. पलंगाचे डोके फार वर केले तर माणूस खाली घसरतो, आणि घसरताना माकडहाडावरची कातडी आतून फाटते. बाहेरून काहीच दिसत नाही.

दिवसातून दोनदा कातडी तपासायची: माकडहाड, बसण्याची दोन्ही हाडे, खुबे, घोटे, टाचा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची, म्हणजे सततच्या दाबाने पडणाऱ्या जखमेची, पहिली पायरी, आणि डाग जाईपर्यंत त्या जागेवर जराही भार द्यायचा नाही. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर हा लालसरपणा पुष्कळदा दिसतच नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने चाचपावे लागते. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागते. ही एक गोष्ट हाताला शिकवली तर पुढची किती तरी दुखणी टळतात, आणि ती छापील पत्रकाने शिकवता येत नाही. हात धरूनच दाखवावी लागते.

न शिकवल्यावर काय होते? घरची माणसे प्रेमापोटी नेमके उलटे करतात. डागावर तेल लावून चोळतात, त्याने आधीच चेंगरलेल्या रक्तवाहिन्या आणखी तुटतात. टाचेखाली पाण्याने भरलेला रबरी हातमोजा ठेवतात. बसायला हवेची रिंग आणतात, आणि ती रिंग मधल्या भागाचा रक्तपुरवठा चहूबाजूंनी आवळते. पावडर टाकतात, ती घामाने गोळा होऊन घासते. यात आळस कुठेच नाही. चुकीच्या दिशेने केलेले कष्ट आहेत. हाडापर्यंत गेलेली जखम भरायला महिने लागतात, कधी शस्त्रक्रिया लागते, कधी तिच्यातून रक्तात जंतू शिरून माणूस जातो. त्या एका जखमेच्या उपचारावर सरकारचा जो पैसा जातो, त्यात कितीतरी घरांना शिकवून होईल.

दुसरे उदाहरण त्याहून गंभीर आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वर इजा झालेल्या माणसाला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया नावाचा झटका येऊ शकतो. खाली कुठेतरी त्रास असतो: लघवीची पिशवी तुंबलेली, नळीला पीळ बसलेला, मलाशय भरलेले, बोटात रुतलेले नख. मेंदूपर्यंत तो निरोप पोहोचत नाही, पण शरीर खालच्या खाली प्रतिक्रिया देते आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. डोके ठणकू लागते, चेहरा लाल होतो, छातीच्या वर घाम फुटतो, नाक चोंदते, अंगावर काटा येतो. अशा माणसांचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असतो, त्यामुळे तो १४० झाला की एरवी ठीक वाटणारा आकडासुद्धा त्याच्यासाठी धोक्याचा. वेळीच उतरला नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आता घरात काय होते बघा. जवान म्हणतो, डोके फुटतेय, कसेतरी होतेय. घरचे काय करतील? त्याला आडवे करतील. पाय वर घेतील. चक्कर आली की आपण हेच करत आलो आहोत. आणि इथे नेमके तेच घातक, कारण आडवे केल्याने दाब आणखी वाढतो. करायचे ते उलट. त्याला लगेच ताठ बसवायचे, पाय खाली सोडायचे, पट्टा, बूट, पायमोजे, पोटावरची नाडी सैल करायची. मग लघवीची नळी पाहायची: पीळ, दाबली गेलेली जागा, भरलेली पिशवी. नळी नसेल तर घालून मूत्राशय रिकामे करायचे. तरी उतरले नाही तर मलाशय, तेही बधीर करणारे जेल लावून आणि दोन-चार मिनिटे थांबून, कारण घाईने बोट घातले तर झटका वाढतो. दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजत राहायचे. कारण सापडले नाही, किंवा सापडूनही दाब उतरेना, तर डॉक्टरांनी आधी लिहून ठेवलेले औषध द्यायचे आणि रुग्णालय गाठायचे. तिथल्या डॉक्टरला "छातीच्या वरच्या मणक्याची इजा आहे, हा डिसरिफ्लेक्सिया आहे" हे सांगायचे, कारण छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरने हा प्रकार प्रत्यक्षात पाहिलेला असेलच असे नाही.

हे शिकवायला अर्धा तास पुरतो. एक मराठीतले लॅमिनेट केलेले कार्ड आणि एक रक्तदाब मोजण्याचे यंत्र, एवढे साहित्य. ज्या घरात हे शिकवलेले नसते, तिथे जीव नशिबावर असतो.

लघवीचे पाहू. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे असते, म्हणजे दिवसाला चार-पाच वेळा, महिन्याला किमान १२० नळ्या, वर्षाला साधारण दीड हजार ते अठराशे वेळा. एका वेळी ५०० मिलिलिटरच्या वर साचू द्यायचे नाही. साचले की मूत्राशय ताणते, दाब मूत्रपिंडाकडे उलटा जातो. इथली सर्वांत नेहमीची चूक पाण्याशी निगडित आहे. कपडे ओले होऊ नयेत, लग्नकार्यात लाज नको, म्हणून जवान पाणी पिणेच कमी करतो आणि घरचेही त्याला हळूच साथ देतात. मग लघवी गढूळ, जंतू, खडे, ताप. कायमची नळी असेल तर युरोबॅग, म्हणजे नळीला जोडलेली लघवीची पिशवी, नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी. पलंगावरून खुर्चीत घेताना ती सोयीसाठी त्याच्या पोटावर ठेवली जाते आणि साचलेली लघवी मागे जाते. अगदी क्षणभराची गोष्ट असते, आणि आठवडाभराने ताप येतो तेव्हा तिचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही.

शौचाचे वेळापत्रक, गुडघ्याखाली किंवा वर पाय गेलेल्याची निगा, मेंदूला मार लागलेल्याशी वागणे, यांवर प्रत्येकी एक लेख होईल. इथे एकेक गोष्ट पुरे. शौचाची वेळ रोज किंवा एक दिवसाआड तीच हवी, जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी, कारण तेव्हा आतडे आपणहून हालते. कापलेल्या पायाखाली आरामासाठी उशी ठेवली की सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग कृत्रिम पाय बसत नाही. उलट दिवसातून काही वेळ पालथे झोपवावे लागते. स्फोटात डोक्याला मार बसलेल्या जवानाला एका वेळी एकच सूचना द्यायची, टीव्ही बंद करून. आणि रात्री किंचाळत उठणाऱ्याला हलवून जागे करायचे नाही. पायथ्याशी उभे राहून, दिवा लावून, नावाने हाक मारायची, कारण अर्धवट जागा झालेला माणूस अंगावर आलेल्या हाताला शत्रूचा हात समजू शकतो. ही माहिती नसल्याने बायकोच्या तोंडावर बसलेला फटका हा घरगुती हिंसाचार समजायचा की आजार, याचा निवाडा ती एकटीच करत बसते.

रुग्णालयात हीच कामे करणारी नर्स जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करून येते, पाळी संपली की घरी जाते, तिच्या हाताखाली वॉर्डबॉय असतो. घरी ही सगळी कामे एक बाई करते आणि चोवीस तास करते. तिचे शिक्षण म्हणजे जिन्याखाली गाडी उभी असतानाची ती वीस मिनिटे.

मग प्रशिक्षण कसे असावे? सभागृहातले एकदिवसीय शिबिर नको. त्यात भाषणे होतात, शाल-श्रीफळ होते, पत्रके वाटली जातात, आणि बाई घरी जाते तेव्हा तिच्या हाताला काहीच नवे आलेले नसते. हे हाताचे काम आहे, ते हातानेच शिकले जाते. जवान रुग्णालयात असतानाच, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, घरच्यांना वॉर्डात रोज दोन-तीन तास कामाला घ्यावे. आधी बघायचे, मग सिस्टरच्या हाताखाली करायचे, मग एकटीने करून दाखवायचे. एकही सूचना न देता ओळीने तीनदा बरोबर जमले, तरच त्या कामापुढे खूण. कूस बदलणे, कातडी तपासणे, नळी, शौच, पलंगावरून खुर्चीत घेणे, झटका ओळखणे, औषधे, व्हीलचेअरची निगा. अशी दहा-बारा कामांची यादी डिस्चार्ज कार्डालाच जोडावी आणि तिच्यावर शिकणाऱ्याचे नाव असावे.

पलंगावरून खुर्चीत घेण्याला वेगळे महत्त्व आहे, कारण तिथे शिकणाऱ्याचेच शरीर पणाला लागते. सत्तर किलोच्या माणसाला पन्नास किलोची बाई दिवसातून सहा-आठ वेळा उचलते आणि काही वर्षांत तिची कंबर जाते. बरोबर पद्धतीत उचलायचे नसतेच, सरकवायचे असते. खुर्ची पलंगाला तिरकी लावायची, ब्रेक घट्ट, पलंगाच्या बाजूचा हातठेवा काढून टाकलेला, पावठेवे बाजूला, आणि मधे गुळगुळीत फळी. वाकायचे ते गुडघ्यात, कमरेत नाही. त्याला काखेत हात घालून ओढायचे नाही, त्याने खांदा निखळतो. अशी फळी कुठलाही सुतार करून देईल. पण ती मागायची हे कोणी सांगितलेले नसते.

प्रत्येक घरातून एक नव्हे, दोन माणसे शिकवावीत. एकच शिकली तर ती आजारी पडण्याची मुभाच गमावते. भाऊ असेल, मोठा मुलगा असेल, सासरे असतील, कोणीही. पुरुषांनी शिकावे याचा तर आग्रहच धरायला हवा. नळी घालणे हे बायकांचे काम असे कुठल्याही वैद्यकात लिहिलेले नाही. शेवटचे दोन दिवस रुग्णालयाच्या आवारातच एका सराव-खोलीत कुटुंबाने एकट्याने काढावेत. साधा पलंग, साधे न्हाणीघर, आणि भिंतीपलीकडे सिस्टर. पहिल्या रात्री जे चुकायचे ते तिथे चुकू दे. गावी, रात्री दोन वाजता, चुकायला नको.

भाषेचाही विचार हवा. लष्करी रुग्णालयात बोलणे हिंदीत चालते, कागद इंग्रजीत निघतात. सांगली-कोल्हापूरकडच्या आईला "प्रेशर रिलीफ" म्हणजे काय ते कळत नाही, आणि कळले नाही हे सांगायला तिला संकोच वाटतो. मराठीत, तिच्या शब्दांत सांगितले तर तीच आई नर्सच्या तोडीचे काम करते. तिला तान्ह्या बाळाची कातडी वाचता येते, ही कातडीही वाचता येईल.

आणि या वर्गातला पहिला विद्यार्थी खुद्द जवान असला पाहिजे. याकडे फार दुर्लक्ष होते. ज्याचे हात चांगले आहेत त्याने आपली नळी आपणच घालायला शिकावे, आरशाने आपली कातडी आपणच पाहावी, खुर्चीत दर पंधरा-तीस मिनिटांनी पुढे वाकून मांड्यांवर छाती टेकवावी आणि दोन मिनिटे तसेच राहावे, म्हणजे बसण्याच्या हाडांवरचा भार हलतो. ज्याचे हातही गेले, त्याने निदान कुठले काम कसे करायचे ते तोंडाने सांगता यावे इतके शिकावे. हाताखाली माणसे सांभाळलेला नाईक किंवा हवालदार आपल्या शरीराची जबाबदारीही सांभाळू शकतो. त्याच्याकडून सगळे काढून घेऊन त्याला फक्त "बिचारा" करून ठेवणारी माया त्याला दुसऱ्यांदा जायबंदी करते. नवरा-बायकोमध्ये तर नर्स आणि रुग्ण एवढेच नाते उरण्याचा धोका असतो. शरीरसंबंध, मूल होण्याच्या शक्यता, यांवर दोघांशी एकत्र बसून मोकळेपणाने बोलणारे कोणी प्रशिक्षणात असलेच पाहिजे. हा विषय टाळला की तो घरात कुढत राहतो.

पैशांचे बोलू. शंभर टक्के अपंगत्व असलेल्या आणि सतत मदतनीसाची गरज आहे असे मेडिकल बोर्डाने ठरवलेल्या निवृत्तिवेतनधारकाला कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये तो ४,५०० रुपयांवरून ६,७५० रुपये महिना झाला. दिवसाला २२५ रुपये. महागाईप्रमाणे त्यात पुढे भर पडली असे धरले, तरी या रकमेत चोवीस तासांचा प्रशिक्षित मदतनीस कुठल्याही शहरात मिळणार नाही, आणि खेड्यात तर पैसे देऊनही मिळत नाही. म्हणजे व्यवहारात हा भत्ता घरच्याच माणसाच्या श्रमांवर चालतो. पण कागदावर ते माणूस कुठेच नाही. तिने सोडलेली नोकरी, अंगणवाडीतले किंवा शेतातले बुडालेले काम, तिचा विमा, तिचे म्हातारपण, कशाचाच हिशोब नाही.

कायद्याने मात्र तिला ओळखले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे. पैसे घेऊन किंवा न घेता मदत करणारे आईवडील आणि कुटुंबीय त्या व्याख्येत स्पष्टपणे येतात. कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. कलम ४७ तर कुटुंबीयांना देखभालीचे प्रशिक्षण देण्याचे कार्यक्रम सुरू करायला सांगते. कलम २४ ला सरकारच्या आर्थिक कुवतीची मर्यादा घातली आहे हे खरे. पण सैनिकाच्या बाबतीत कुवतीचे कारण पुढे करणे शोभत नाही, कारण इथे सरकार नुसते सरकार नाही, ते मालक आहे आणि इजा त्याच्या कामावर झाली आहे. कारखान्यात हात गेलेल्या कामगाराच्या मालकाला आपण जे विचारू, तेच इथेही विचारले पाहिजे.

अमेरिकेने २०१० मध्ये कायदा करून जखमी सैनिकांना सांभाळणाऱ्या कुटुंबीयांसाठी कार्यक्रम सुरू केला. आधी तो ११ सप्टेंबर २००१ नंतर जखमी झालेल्यांपुरता होता, २०१८ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने जुन्या युद्धांतल्यांनाही लागू झाला. मासिक मानधन त्या भागातल्या सरकारी वेतनश्रेणीशी जोडलेले आहे, प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय मंजुरी नाही, घरी भेट होते, समुपदेशन मिळते, विमा नसेल तर आरोग्यविमा मिळतो आणि वर्षाला किमान ३० दिवसांची विश्रांती-सेवा, म्हणजे तिच्या जागी दुसरे माणूस. त्यांचीही चूक झाली. पात्रता पुन्हा पुन्हा तपासण्यात अनेक कुटुंबे वगळली गेली, लोक भयभीत झाले, आणि २०२२ मध्ये वगळणे थांबवावे लागले. आपण त्यांचे मानधन जसेच्या तसे देऊ शकणार नाही, देण्याची गरजही नाही. पण प्रशिक्षण, भेट आणि विश्रांती हे तीन खांब घ्यावेत. आणि मणका तुटलेल्याला दर दोन वर्षांनी "अजून तुटलेलाच आहे का" असे विचारण्याची चूक आपण करू नये.

विश्रांतीवर मी मुद्दाम थांबतो, कारण आपल्याकडे ती चैन मानली जाते. वर्षानुवर्षे रात्री सलग चार तासही न झोपलेले माणूस चिडते, विसरते, औषधाची वेळ चुकवते, आणि मग स्वतःलाच दोष देते. तिच्या स्वतःच्या दुखण्यावरची शस्त्रक्रिया "यांना कोण बघणार" म्हणून पुढे ढकलली जाते. माहेरचे लग्न, मुलाची परीक्षा, सगळे त्याच एका वाक्यावर अडते. पुनर्वसन केंद्रांत आणि लष्करी रुग्णालयांत काही खाटा फक्त यासाठी राखल्या, वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस जवानाला तिथे घेतले, तर त्याची तपासणी होते, खुर्चीची गादी बदलते, नवे काही शिकवता येते, आणि तिला झोप मिळते. एकाच खर्चात दोन कामे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे: घरच्यांना शिकवा म्हणजे सरकारने आपला भार बायकांच्या डोक्यावर टाकायला मोकळे व्हायचे. हा धोका खरा आहे. म्हणून प्रशिक्षण एकटे येता कामा नये. भत्ता आणि विश्रांती यांच्याशिवाय दिलेले प्रशिक्षण म्हणजे बिनपगारी नर्स तयार करणे. आणि एखाद्या कुटुंबाला हे झेपणार नसेल, तर तसे स्पष्ट सांगण्याचा आणि संस्थेतली जागा मागण्याचा हक्क त्यांना हवा, अपराधी न वाटता. दुसरा आक्षेप असा की अपंगत्व सगळ्यांनाच येते, मग सैनिकालाच का? सैनिकापासून सुरुवात करावी, कारण यंत्रणा तिथे तयार आहे. तिथे घासून-पुसून नीट झालेला अभ्यासक्रम उद्या जिल्हा रुग्णालयाने उचलला तर झाडावरून पडलेल्या शेतकऱ्याच्या बायकोलाही तो तितकाच उपयोगी पडेल. मणक्याला गणवेश कळत नाही.

सैनिक म्हणून मोजले न जाणारेही आहेत. लष्करी प्रबोधिनीत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन घरी परतलेली मुले माजी सैनिक ठरत नाहीत. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या हालअपेष्टांची स्वतःहून दखल घेतली. त्यांना सांभाळतात ते आईवडील. वीस वर्षांच्या मुलाला उचलणारा बाप पन्नाशीचा असतो, आणि मुलगा चाळीशीचा होईल तेव्हा बाप सत्तरीचा. कुठलाही कार्यक्रम आखताना ही घरे बाहेर ठेवली तर तो अपुराच राहील.

हे कोण करणार, हा प्रश्न अवघड नाही. २००३ पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, तिची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके आहेत, त्यांत डॉक्टर आणि नर्सिंग असिस्टंट आहेत, अनेक ठिकाणी फिजिओथेरपिस्ट आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. मणक्याच्या इजेचे शिक्षण देण्याइतके ज्ञान खडकीत आहे. पॉलिक्लिनिकातल्या एका नर्सिंग असिस्टंटला आणि एका फिजिओथेरपिस्टला तिथे सहा आठवडे पाठवले की जिल्ह्याला दोन शिक्षक मिळाले. जवान घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी फोन, पहिल्या आठवड्यात घरी भेट, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. त्या भेटीत दाराची रुंदी मोजायची (९० सेंटिमीटर हवी), उंबऱ्यापुढच्या उताराचे प्रमाण पाहायचे, म्हणजे पंधरा सेंटिमीटर उंचीला किमान एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबी, कमोड खुर्चीच्या उंचीचा आहे का ते पाहायचे, गादीखाली हात घालून हाडाखाली अजून जाडी उरली आहे का ते चाचपायचे. आणि तिला विचारायचे की तिची कंबर कशी आहे, झोप किती होते.

कुठून सुरुवात करायची तेही शोधत बसायला नको. कोणाला कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स मिळतो याची नावे संरक्षण मंत्रालयाच्या निवृत्तिवेतनाच्या स्पर्श प्रणालीत आहेतच. ती यादी जिल्हानिहाय काढून प्रत्येक सैनिक कल्याण कार्यालयाला द्यावी. कार्यालयाने एकेका घरी फोन करून दोनच प्रश्न विचारावेत: जवानाला कोण सांभाळते, आणि त्यांना हे काम कोणी शिकवले? पहिल्या उत्तरातले नाव फाइलवर लिहावे. दुसऱ्याचे उत्तर "कोणीच नाही" आले, तर पुढच्या महिन्यात त्या घराचा पहिला वर्ग पॉलिक्लिनिकात लागावा.